बिनव्रणाची जखम

वयाच्या ७२ व्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा मालक झालो. त्याआधी मी भाडेकरू होतो, नोकर होतो, पतपेढीचा कर्जदार होतो. पण 'मालक' या शब्दापुढे माझे नाव कधी कोणी लिहिले नव्हते. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात माझी उमेद गेली, तिथे मालक म्हणजे पहिल्या तारखेच्या आसपास वरच्या मजल्यावरून मोठ्याने खोकणारे एक गृहस्थ. त्या शब्दाची तेवढीच मूर्ती माझ्या मनात होती. गेल्या वर्षी मी एडिंबरोला मुलाकडे गेलो होतो. तिथे एका दुकानदाराने आपली वही पुढे ओढली, माझ्या दहा वर्षांच्या नातीकडे पाहून मान हलवली आणि मालक सज्ञान हवा, असे सांगितले. नातीने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला आणि सही केली.

मालमत्ता काय, तर पाण्यात राहणारे, बोटाएवढ्या लांबीचे दोन जीव. त्यांना ॲक्सोलोटल म्हणतात. मासा म्हणावा तर त्याला चार पाय आहेत. पाल म्हणावी तर मानेच्या दोन्ही बाजूंना तीन तीन पिसांसारखे कल्ले हलत असतात. बेडकाच्या दूरच्या गोतातला हा प्राणी. बेडकाचे पिल्लू शेपूट टाकून एक दिवस जमिनीवर उडी मारते. हा मात्र तसे करीत नाही. तो मोठा होतो, वीतभर लांब होतो, त्याला पोरेबाळे होतात, पण बाळपणीचे कल्ले आणि बाळपणीचे पाणी तो सोडत नाही. दहा-पंधरा वर्षे जगतो आणि म्हातारा होऊन मरतो तोही बाळपणीच्याच अंगरख्यात. त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत आणि तोंडावर सदैव मंद हसू असते. हे हसू आनंदाचे नव्हे, जबड्याच्या ठेवणीचे आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

हा प्राणी पाळायचा म्हणजे पहिला धडा थांबण्याचा. काचेची पेटी आणली, नळाच्या पाण्यातले क्लोरीन औषध घालून मारले, पेटी भरली, की झाले, असे मला वाटले होते. नात म्हणाली, "आजोबा, पाणी अजून कच्चं आहे." पाणी कच्चे आणि पिकलेले असते, हे मी ७२ वर्षांत ऐकले नव्हते. पण तिचे खरे होते. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यालाच विषासारखा बाधतो. पाण्यात एका जातीचे जिवाणू रुजले, म्हणजे ते अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते बरेच सौम्य असते. हे सगळे बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो. तिच्या एका मैत्रिणीच्या पेटीतला जुना स्पंज आणून आम्ही आमच्या पेटीत टाकला, तेव्हा मला उमगले, की हे तर विरजण! शेजारणीकडून वाटीत विरजण आणावे आणि रात्रभर पातेल्याला धक्का लावू नये, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की हे दही लागायला सहा आठवडे लागले. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत आम्ही रिकाम्या पेटीसमोर बसून पाण्याची परीक्षा घेत होतो. तळाला खडे घालायचे नाहीत, कारण हा प्राणी समोरचे सगळे पाण्यासकट ओढून घेतो आणि खडा पोटात अडकला तर मरतो. पाणी १६ ते १८ अंशांच्या आसपास हवे. २४ च्या वर गेले तर त्याला सोसत नाही. स्कॉटलंडचा उन्हाळा त्याला मानवतो. मला मात्र त्या उन्हाळ्यात दोन स्वेटर लागत.

इथवर आमचे सगळे शहाण्यासारखे चालले होते. मूर्खपणा झाला तो दयाबुद्धीने. दुकानात एकाच्या जागी दोन घ्यावेत, असे मीच म्हणालो. एवढ्या मोठ्या पेटीत एकटा जीव कंटाळेल, हा माझा विचार. मी स्वतः त्या घरात दिवसभर एकटाच असे. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. तेव्हा तो विचार कोणाचा कोणासाठी होता, हे सांगायला नको. नातीला बिचारीला आनंदच झाला. पांढऱ्याला तिने करंजी म्हटले, कारण त्याचे कल्ले करंजीच्या मुरडीसारखे दिसतात. आणि काळ्याचे नाव अर्थातच चकली.

करंजीचे कूळ मोठे आहे. मेक्सिकोच्या खोऱ्यातली तळी हे त्याचे एकुलते एक घर. तिथल्या नाहुआत्ल भाषेतले त्याचे नाव शोलोत्ल या देवाशी जोडलेले आहे. साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १६ व्या शतकात तिथल्या लोकांच्या कथा लिहून ठेवल्या, त्यांत ही एक आहे. सूर्य आकाशात चालू लागावा म्हणून सगळ्या देवांनी प्राण द्यायचे ठरवले. शोलोत्लला मात्र मरण नको होते. रडून रडून त्याचे डोळे सुजले आणि तो पळाला. मक्याच्या शेतात जाऊन जोडताट झाला; तिथे ओळखला गेला. घायपातासारख्या मॅग्वेच्या झाडात लपला, तिथेही सापडला. शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलोटल झाला. आणि तिथे त्याला पकडून मारले. मरणाला भिणारा हा देव मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडचे देव इतके भित्रे नाहीत. पण आपण आहोत.

त्या तळ्यांपैकी बहुतेक तळी माणसांनी आटवली आणि त्यांवर मेक्सिको शहर पसरले. उरले ते सोचिमिल्कोचे कालवे. तिथे माशांची पैदास वाढावी म्हणून सोडलेले परदेशी कार्प आणि तिलापिया यांची अंडी-पिल्ले खाऊ लागले. पाणी घाण झाले. १९९८ च्या पाहणीत एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते. २०१४ च्या सुमारास ते ३६ वर आले. आणि २०२१ साली मेक्सिकोने त्याचे चित्र ५० पेसोंच्या नोटेवर छापले. माणसाची ही रीत जुनीच आहे. घरातून जे जाते, ते तो नोटेवर आणतो.

आणि तरीही जगभरच्या काचपेट्यांत हा प्राणी उदंड आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलोटल नेले होते. त्यांतले सहा ऑग्यूस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. पाच नर आणि एक मादी. नरांत एक पांढरा. त्या सहांची प्रजा युरोपातल्या प्रयोगशाळांतून पसरली आणि पुढे हौशी लोकांच्या घरांत गेली. आमची पांढरी करंजी बहुधा त्या पांढऱ्या पूर्वजाचीच वारसदार. म्हणजे तिच्या किती पिढ्या काचेत गेल्या! तिला मोकळे सोडायचे म्हटले, तर कुठे? हिला सोडण्याइतके दुष्ट कृत्य दुसरे नसेल. मालक होण्याचा हा एक चमत्कारिक अर्थ मला कळला: ज्याला सोडून देण्याचा पुण्यमार्गही बंद झालेला असतो, तो मालक.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी नातीची किंकाळी ऐकून मी खाली धावलो. करंजीचा पुढचा डावा पाय कोपरापासून नव्हता. चकली तिच्यापासून वीतभर अंतरावर निवांत होती. लहान वयात हे प्राणी जवळ हलणारे काहीही तोंडात घेतात. तो गांडुळाचा तुकडा आहे की भावंडाचा पाय, हे त्यांना समजत नाही. चकलीचा दोष नव्हता. दोष सोबत म्हणून दोन आणणाऱ्याचा होता. पुस्तकात ती सूचना होती. मी ती वाचलीही होती. आपल्या प्रेमाचे येतील ते अपवाद असतील, अशा समजुतीने मी ते पान उलटले होते. आणि करंजी हसत होती. पाय गेला होता, कल्ले आखडले होते, आणि तोंडावरचे हसू तसेच होते. त्या हसण्याकडे मला पाहवेना.

चकलीला त्याच दिवशी दुसऱ्या पेटीत ठेवले. मग जे घडले, ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांना खरे वाटणार नाही. जखमेवर दिवसभरात कातडीचा पातळ पडदा आला. तिच्याखाली एक लहानसा कोंब दिसू लागला. शास्त्रज्ञ सांगतात, की जखमेजवळच्या पेशी आपली जुनी कामे बाजूला ठेवतात, गर्भातल्यासारख्या पुन्हा कोवळ्या होतात आणि पाय पहिल्यापासून घडवू लागतात. आपली जखम भरते ती ठिगळ लावल्यासारखी. तिथे व्रण राहतो. हिचा व्रण राहत नाही. कोंब लांबला, चपटा झाला, त्याला खाचा पडल्या आणि दोन महिन्यांच्या आत चार बोटांचा पाय तयार झाला. हाड, शिरा, मज्जातंतू, सारे जिथल्या तिथे. नात रोज कागदावर त्याचे चित्र काढून तारीख घालीत असे. शेवटचे चित्र काढून झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले,

"आजोबा, पाय परत आला ना? मग आता काहीच झालं नाही ना?"

मी "हो" म्हणणार होतो. आजोबांचे काम 'हो' म्हणण्याचेच असते. पण शब्द ओठांपर्यंत येऊन थांबला.

काहीच झाले नाही का? जे मोडले ते जुळले, जे गेले ते आले, नुकसान शून्य. नुकसान नाही तिथे अपराध कसला? बाजाराचा हिशेब असाच असतो. उसने घेतलेले परत केले, वही कोरी झाली. पण त्या रात्री काळोखात तिला जे सोसावे लागले, ते नव्या पायाने परत कसे येईल? पाय परत येतो. ती रात्र परत घेता येत नाही. आणि दुसरे असे, की आपल्याकडे व्रण हा साक्षीदार असतो. तो सोसणाऱ्याच्या अंगावर बसून करणाऱ्याला रोज आठवण देतो. जिथे व्रणच उरत नाही, तिथे साक्ष कोणी द्यायची? सोसणारा तर हसतो आहे. मग आठवण ठेवण्याचे काम एकट्या करणाऱ्यावर येऊन पडते. तो विसरला, तर ती गोष्ट जगात घडलीच नव्हती असे होईल.

हा विचार करता करता मला थेट १९८८ सालात जावे लागले.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. माझ्या कोटाच्या खिशातली दहा रुपयांची नोट नाहीशी झाली. महिनाअखेर होती आणि दहा रुपये ही तेव्हा आमच्या घरात लहान रक्कम नव्हती. आदल्या दिवशी मुलगा कोटाशी खेळताना मला दिसला होता. मी विचारले, तो "नाही" म्हणाला. मी पुन्हा विचारले, तो पुन्हा "नाही" म्हणाला. खोटे बोलतो म्हणून मी लाकडी पट्टी घेतली. चोरीबद्दल दोन आणि खोटेपणाबद्दल चार, असा माझा न्याय होता. त्याने चोरी कबूलही केली. कोणीही केली असती. संध्याकाळी माझ्या पत्नीने कोट उसवून पाहिला. फाटक्या खिशातून नोट अस्तरात गेली होती. तिने ती माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्दही बोलली नाही. मी चपला घातल्या, बाहेर गेलो आणि त्या नोटेची जिलबी घेऊन आलो. मुलाला वाटले, आज काही सण आहे. त्याने ती पोटभर खाल्ली. नोट सापडल्याचे मी त्याला सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता वळ गेले, तो मोठा झाला, शिकला, परदेशी गेला. पत्नीला जाऊन आता सात वर्षे झाली. त्या नोटेची गोष्ट ठाऊक असलेला जगात मी एकटाच उरलो होतो.

त्या रविवारी मी आणि मुलगा पेटीतले पाणी बदलीत होतो. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून नवे घालावे लागते. तो नळी धरून बसला होता, मी बादली. मी त्याला सगळे सांगितले. तो हसला. "बाबा, मला काहीसुद्धा आठवत नाही. तुम्ही कशाला मनात ठेवता?"

क्षणभर मला हलके वाटले. मग लक्षात आले, की मला हवे होते ते मिळालेले नाही. न आठवणे म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा करायला जखम ठाऊक असावी लागते. ज्याला पट्टीच आठवत नाही, तो मला कशाची क्षमा करणार? त्याचा पाय परत आला होता. माझ्या हातातली पट्टी तशीच होती. आणि लगेच दुसरी शंका आली, ती पहिलीहून वाईट. मी त्याला सांगितले ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? जिथे व्रण नाही, तिथे बोट ठेवून "इथे तुला लागले होते" असे सांगणे, हा दुसरा चावा नव्हे काय? आपल्या मनावरचे ओझे उतरवायला आपण दुसऱ्याची भरलेली जखम उकलतो, आणि त्याला प्रामाणिकपणा हे नाव देतो. या शंकेचे उत्तर मला त्या बादलीशेजारी सुचले नाही.

उत्तर त्याने दिले. तेही बराच वेळाने, नळी गुंडाळून ठेवताना. "जिलबी मात्र आठवते," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "आणि आईनं त्या दिवशी जिलबीला हात लावला नव्हता, ते आठवतं. मी घास पुढे केला तर ती उठून आत गेली. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की माझंच काही चुकलं होतं. का गेली, ते आज कळलं."

मी बादली उचलली आणि मोरीकडे गेलो. तिथे जितका वेळ लागायला हवा, त्याहून थोडा जास्त लागला.

तेव्हा व्रण उरलाच होता. फक्त जिथे मी पाहत होतो, तिथे नव्हता. माणसाच्या बाबतीत बहुधा असेच होते. मार विसरला जातो, आणि आई घास न घेता उठून गेली, एवढे एक न सुटलेले कोडे मनात ३६ वर्षे राहते. अपराध सांगून टाकला म्हणजे तो पुसला जात नाही. पण दुसऱ्याने अजाणता आपल्या शिरावर घेतलेला त्याचा भाग आपल्याला परत घेता येतो. सांगण्याचा हक्क मला तेवढ्यापुरता होता, असे आता मला वाटते. आणि सुख वाटावे म्हणून सांगितले असते, तर तो नव्हता.

ॲक्सोलोटलविषयी आणखी एक गोष्ट मला मागाहून वाचायला मिळाली. तोच पाय पुन्हा पुन्हा कापला तर काय होते, हे काही शास्त्रज्ञांनी पाहिले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचव्या खेपेपर्यंत बहुतेकांचा पाय नीटसा परत आला नाही. नवी उमेद देणाऱ्या या प्राण्याच्या पेशीही शेवटी थकतात. हे मी नातीला वाचून दाखवले. तिने तिच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले: "म्हणजे पाय परत येतो, पण तो मोजत असतो." याहून चांगले उत्तर मला देता आले नसते.

सुरुवातीला मी म्हणालो, की ७२ व्या वर्षी पहिल्यांदा मालक झालो. ते खरे नव्हते. मराठीत 'पापाचा धनी' असा शब्द आहे, आणि धनी म्हणजे मालकच. त्या नोटेच्या संध्याकाळपासून मी मालक होतो. सही मात्र ३६ वर्षांनी केली.

नोव्हेंबरात मी पुण्याला परतलो. मालक इकडे आणि मालमत्ता तिकडे, अशी आता स्थिती आहे. करंजीला इकडे आणण्याचा विचार कोणी सुचवू नये. पुण्याच्या एप्रिलात तिला पाणी गार करणारे यंत्र लावावे लागेल, आणि अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचे बंधन २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आले आहे, तेही पाळावे लागेल. तिचे घर थंड आहे, ते बरे आहे. तिचे खरे घर मात्र अजून पुरते संपलेले नाही. सोचिमिल्कोचे शेतकरी आणि तिथले विद्यापीठ मिळून काही कालव्यांना गाळण्या बसवून परक्या माशांपासून राखू लागले आहेत. माणसांनी वाढवलेले १८ ॲक्सोलोटल मोकळ्या पाण्यात सोडून पाहिले, तर ते जगले आणि शिकारही करू लागले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वही कोरी झाली असे नव्हे. पण कोणीतरी हिशेब काढून बसले आहे.

निघण्यापूर्वी आम्ही तिथे दिवाळी केली. तिन्हीसांजा तिथे साडेचारलाच होतात. सूनबाईंनी पणत्या लावल्या आणि सवयीने एक पणती करंजीच्या पेटीजवळ ठेवली. नात उठली. तिने ती पणती उचलून पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवली आणि पेटीवर माझा जुना पंचा टाकला.

"तिला पापण्या नाहीत, आई," ती म्हणाली. "आपल्याला दिवा हवा असला, तरी तिला डोळे मिटता येत नाहीत."